जलदूताचं बिऱ्हाड

"काळ बदलला की माणसाने बदलायलाच हवं. जो बदलत नाही, तो संपतो!" असं मनमोहन धैर्यवान यांनी एप्रिलातल्या एका सकाळी गिरगावातल्या आपल्या गॅलरीत उभं राहून समस्त मोरोबाच्या वाडीला उद्देशून जाहीर केलं. वाडीच्या वतीने ते एका कावळ्याने ऐकून घेतलं. घराच्या वतीने बेबीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आतून विचारलं,

"मग तो बनियन आज बदलताय ना?"

बनियनचा मुद्दा वेगळा होता. तो मनमोहनरावांच्या अंगावर त्यांच्या निवृत्तीच्याही आधीपासून होता, आणि त्याची भोकं आता एकमेकांना भेटू लागली होती, हे खरं. पण त्यातून वारा चांगला खेळतो, असं त्यांचं तांत्रिक मत होतं. आणि तांत्रिक बाबतीत मनमोहनरावांशी वाद घालायची वाडीत सोय नव्हती. ते विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले होते. शिवाय जलदूत त्यांनी निर्माण केला होता.

मोरोबाच्या वाडीत पाणी संध्याकाळी येतं. म्हणजे कधी दिवेलागणीच्या आधी, कधी नंतर, आणि आलं तरी भेटायला आलेल्या मोठ्या माणसासारखं बसतं-न-बसतं तोच उठतं. पूर्वी त्यासाठी घराघरातून एकेक माणूस चौकातल्या नळापाशी बसवून ठेवावा लागे. मनमोहनरावांनी नळाच्या पाइपला एक चिमुकलं उपकरण बांधलं. पाण्याची चाहूल लागली की ते कमिटीच्या खोलीतल्या लॅपटॉपला कळवायचं, आणि लॅपटॉप गणपतीच्या स्पीकरवरून वाडीला सांगायचा, "पाणी आलं आहे. कृपया गर्दी करू नये." दुसरं वाक्य ऐकलं की लोक गर्दी करायचे. याचं नाव जलदूत.

आता खरं सांगायचं तर जलदूतात मनमोहनरावांनी स्वतः लिहिलेला भाग फार थोडा होता. राबायची ती पॅकेजेस. पॅकेज म्हणजे जगाच्या पाठीवर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं तयार काम. ते फुकट उचलून आणायचं, आपल्या यंत्रात बसवायचं आणि वर आपलं नाव घालायचं. मनमोहनरावांना यात वावगं वाटत नसे. उभी नोकरी त्यांनी याच पद्धतीने केली होती. बोलायला एक पॅकेज होतं, फोनवर निरोप धाडायला दुसरं. तळमजल्यावरच्या नलूमावशींना संकष्टीचा चंद्रोदय कळावा म्हणून तिसरं. कोपऱ्यावरच्या प्रितीची मुलगी आकांक्षा परीक्षेला बसली की आवाज बारीक करणारं चौथं. आणि दुपारी जेवणानंतर वाडी आडवी होते त्या वेळात काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही, हे सांभाळणारं पाचवं. ते पाचवं पॅकेज वाडीने एकमताने मागितलं होतं. वाडीत एकमत झाल्याचा तो अलीकडचा एकमेव प्रसंग.

त्याच सकाळी डोरिस आली. डोरिस आणि तिचा नवरा कास्मीर वाडीच्या दुसऱ्या टोकाला, क्रुसासमोरच्या लाकडी जिन्याच्या घरात राहत. त्यांची मुलगी नेरिसा रविवारी चर्चमध्ये लग्नाला उभी राहणार होती.

"मनमोहनभाऊ, तुमच्या शब्दावर बँड सांगितलाय हां शनिवारचा," डोरिस दारातूनच म्हणाली. "उंबराच्या पान्याला काही व्हायला नको."

उंबराचं पाणी म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती लोकांतली जुनी रीत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बायका लुगडी नेसून, दागिने घालून, वाजतगाजत उंबराखालच्या विहिरीवर जातात. घागरी भरून आणतात. आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. मोरोबाच्या वाडीतला उंबर एका वादळात गेला. विहिरीवर पुढे सिमेंटचं झाकण आलं. तेव्हापासून विहिरीचा मान चौकातल्या नळाकडे आला होता. नळाला त्याचं काही वाटत नव्हतं. तो आपल्या वेळेलाच यायचा.

"माझ्या लग्नात नळ आलाच नाय," डोरिस म्हणाली. "टँकरचं पानी आणलं. सासूबाय मरेपर्यंत मला टँकरवाली म्हणायची. चार लोकांत म्हणायची हो! नेरिसाला तसं नको. बायका उन्हात नळाशी उभ्या राहू शकत नाहीत, अंगावर एवढं सोनं. बँडवाले तर एका जागी ठरतच नाहीत. तुमचा जलदूत बोलला की आमी निघनार."

"डोरिस," मनमोहनराव खुर्चीतून उठून म्हणाले. उठल्यावर त्यांना आठवलं की आपण बनियनवर आहोत. ते पुन्हा बसले. "शनिवारी पाण्याचा पहिला थेंब पडेल, आणि दुसरा पडायच्या आत वाडीला कळेल. हा धैर्यवानांचा शब्द आहे."

धैर्यवानांचा शब्द ही एके काळी गिरगावात मोठी गोष्ट होती. तेव्हा त्यांच्याकडे जमीनही होती. जमीन गेली, शब्द तेवढा राहिला, आणि तो राखायला काही भाडं पडत नसल्यामुळे मनमोहनराव तो सढळपणे देत.

आता इथेच माणसाने थांबावं. यंत्र चालत होतं. पण लग्नघर म्हटलं की रंगरंगोटी आली. लॅपटॉपच्या पडद्यावर गेले काही महिने एक पिवळी पट्टी येत होती, की ज्या इंजिनावर तुमचा प्रोग्रॅम धावतो, त्याची ही आवृत्ती जुनी झाली असून तिला आता कुणाचाही आधार नाही. मनमोहनराव ही पट्टी निवृत्त माणसाच्या मनाने वाचत आणि दुखावले जात. त्यांनी परळच्या एका काचेच्या इमारतीत कामाला असलेल्या भाच्याला, अनिमेषला, फोन लावला.

"मामा, ती आवृत्ती एंड ऑफ लाइफ झालीय," अनिमेष म्हणाला.

"अभद्र बोलू नकोस. काय करायचं ते सांग."

"नवीन टाका. पण हे बघा—"

"कळलं," असं म्हणून मनमोहनरावांनी फोन ठेवला. त्यांना पुढचं कळलं होतं. पुढचं कळणं हा त्यांचा जुना आजार.

लॅपटॉपमध्ये काहीही नवीन बसवायचं म्हणजे पासवर्ड लागायचा, आणि पासवर्ड म्हणजे कमिटी. लॅपटॉप घेतला तेव्हा प्रत्येक पदाधिकाऱ्याला शंका आली होती, की बाकीचे दोघे त्यावर क्रिकेट बघतील. म्हणून ठराव करून पासवर्डचे तीन तुकडे केले होते: पहिला अध्यक्ष रघु तळपदे यांच्याकडे, दुसरा खजिनदार कास्मीरकडे, तिसरा सचिव म्हणून मनमोहनरावांकडे. एकाने तुकडा टाइप करायचा आणि त्या वेळी बाकीच्या दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, शाळा भरली आहे.

मंगळवारी तिघे जमले. तिघे आळीपाळीने भिंतीकडे वळले. नवी आवृत्ती आली, बसली. मनमोहनरावांनी समाधानाने हात चोळले आणि जुनी आवृत्ती काढून टाकायच्या बटणावर बोट ठेवलं.

"जुनं काढतोस?" कास्मीरने विचारलं. "राहू दे ना, मेन, एका बाजूला. खायला मागतंय काय?"

"कास्मीर, एका म्यानात दोन दोन तलवारी ठेवायची सवय तुझी. तुझ्या माळ्यावर अजून तुझ्या आजोबांचा ग्रामोफोन आहे."

"चालतो तो."

मनमोहनरावांनी बटण दाबलं. जुनी आवृत्ती गेली. स्वच्छतेची आवड असल्यामुळे त्यांनी कचऱ्याचा डबाही रिकामा केला. रघु तळपदे कर्तव्य संपल्याच्या आनंदात उठले आणि लालबागला मुलीकडे, सीमाकडे, वर्षाचा मसाला कुटून आणायला राहायला गेले. मग मनमोहनरावांनी नव्या इंजिनावर जलदूत सुरू केला.

जलदूत म्हणाला, बोलणारं पॅकेज सापडत नाही.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि ज्यांना कळतं ते आत्ताच कपाळाला हात लावून बसले असतील. इंजिनाची प्रत्येक आवृत्ती म्हणजे स्वतंत्र घर. पॅकेजेस हे त्या घरातलं सामान. नवं घर मिळतं ते कोरं, भिंती आणि ओटा. भांडीकुंडी जुन्या घरातून उचलून आणायची असतात. त्यासाठी एका ओळीची आज्ञा असते. ती देईपर्यंत जुनं घर उभं असावं लागतं, एवढीच अट.

"मामा, मी तेच सांगत होतो," अनिमेष फोनवर म्हणाला. "नवीन टाका, एका ओळीत जुन्याची पॅकेजेस नव्यात आणा, चालतंय बघा, आणि मग जुनं काढा."

"मग ती ओळ आता लिहितो."

"आता ती ओळ कुणाकडून आणेल, मामा? जुनं आहे कुठे?"

"जुनं परत बसवता येईल."

"येईल की. रिकामं येईल."

मनमोहनरावांनी पुन्हा फोन ठेवला. या खेपेला त्यांना पुढचं खरोखरच कळलं होतं.

कास्मीर आतापर्यंत खिडकीत उभा राहून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक उजेड पसरला. त्याचं कारण असं, की वाडीच्या पुनर्विकासाच्या प्रत्येक सभेत मनमोहनराव उभे राहून बिल्डरला एकच वाक्य ऐकवत: 'आधी नव्या घराची किल्ली द्या, आमचं सामान हलू द्या, मग जुन्या भिंतीला हात लावा!' या एका वाक्यावर दोन बिल्डर थकले होते. एक तर वाडीचा नाद सोडून भावाबरोबर मिठाईच्या धंद्यात पडला होता.

"काय मेन," कास्मीर म्हणाला, "बिल्डरला शिकवलंस, आम्हाला शिकवलंस, सगळ्या गिरगावला शिकवलंस. आणि स्वतःच्या सामानावर स्वतःच बुलडोझर घातलास?"

"ती तांत्रिक बाब आहे."

"बिल्डर पण तसंच म्हणायचा."

संध्याकाळपर्यंत बातमी वाडीभर झाली. मनमोहनरावांनी 'किरकोळ देखभाल' असा फलक लावला. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने 'ट्रान्झिट कॅम्प' असं लिहिलं. सल्ले येऊ लागले. एकाने लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्याने तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितला. त्याचा फोन पाण्यात पडला होता तेव्हा गुण आला होता. तिसऱ्याने लॅपटॉपचं तोंड दक्षिणेला असल्याचं निदर्शनास आणलं. मनमोहनरावांनी त्याला झिडकारलं. मग तो गेल्यावर, जागेचा विचार करून, लॅपटॉप पूर्वेकडे वळवला.

पॅकेजेस एकेक करून नव्याने आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याला पासवर्ड हवा. पासवर्डाचा पहिला तुकडा लालबागला मिरच्यांच्या रांगेत.

"फोनवर सांगून टाक," मनमोहनरावांनी रघुला विनवलं.

"ठराव काय आहे?" रघु म्हणाले. "तुकडा तोंडी सांगायचा नाही. ठराव तूच लिहिलास."

"मग ये इकडे!"

"माझा नंबर जवळ आलाय. एप्रिल महिना आहे, मनमोहन. इथून हललो तर मला मुलगी घरात घेणार नाही."

तेव्हा बुधवारी सचिव आणि खजिनदार टॅक्सीने लॅपटॉप मांडीवर घेऊन लालबागला गेले. टॅक्सीवाल्याने विचारलं, आत काय आहे? कास्मीर म्हणाला, "रिकामं घर."

मिरची-मसाला कांडपाच्या दुकानापुढे रांग फूटपाथवरून वळसा घालून गेली होती. आत लोखंडी मुसळं उठत होती, बसत होती. हवेचा रंग लाल होता. रघु तळपदे तोंडाला टॉवेल बांधून, पायाशी भाजलेल्या मिरच्यांचे डबे ठेवून उभे होते. दिसत होते फक्त डोळे, आणि तेही रडत होते.

लॅपटॉप एका डब्यावर ठेवला. रघु टाइप करू लागले. ठरावाप्रमाणे मनमोहनराव आणि कास्मीर पाठ करून उभे राहिले. पाठ करायची तर तोंड मुसळांकडे करावं लागलं. मनमोहनराव पहिल्यांदा शिंकले तेव्हा त्यांचा चष्मा पडला. कास्मीर शिंकला तेव्हा रघु दचकून चुकले आणि तुकडा पहिल्यापासून टाइप करावा लागला.

"ओ काका!" मागच्या बाईने आवाज दिला. "लाइन मोडू नका हां! पूजा घालायची तर भायेर घाला!"

"पूजा नाही बाई, हे तांत्रिक—" आणि मनमोहनराव पुन्हा शिंकले.

"तांत्रिक?" बाई एक पाऊल मागे सरकली आणि पदर डोक्यावर घेतला. त्यानंतर मात्र त्यांना रांगेत कुणी त्रास दिला नाही.

यंत्राचा स्वभाव सरकारी खिडकीवरच्या माणसासारखा होता. ते एका वेळी एकच त्रुटी सांगायचं. बोलणारं पॅकेज दिलं की म्हणायचं, निरोपाचं कुठाय? निरोपाचं दिलं की, चंद्राचं कुठाय? सगळी एकदम का नाही सांगत, असं विचारायला तिथे माणूस नव्हता. तरी मुसळांच्या तालावर पाचही पॅकेजेस बसली. लॅपटॉपच्या पंख्याने मधल्या वेळात बरीच मिरची पोटात घेतली. पुढे कितीतरी दिवस तो सुरू केला की कमिटीच्या खोलीत बसलेला माणूस शिंकायचा.

पण सामान आलं म्हणजे घर लागलं असं नाही. जुनी पॅकेजेस मनमोहनरावांनी वर्षानुवर्षं वाडीच्या सवयीला लावली होती. ही नवी कोरी, परदेशातून सरळ आलेली. जलदूत बोलू लागला, पण आवाज आता अशा बाईचा होता, जिला मराठी येतं पण आवडत नाही. आणि कुणाचं काय ठरलं होतं, ते मनमोहनरावांना नीट आठवेना. म्हणून त्यांनी घरोघर जाऊन विचारलं. ही त्यांची सगळ्यात मोठी चूक. वाडीतल्या माणसाला 'तुमचं पूर्वी किती होतं?' असं विचारायचं नसतं. पूर्वी किती होतं हे सांगताना तो गॅलरीसकट सांगतो.

"माझ्या चंद्रोदयाबरोबर दोन्ही एकादश्या होत्या," नलूमावशी म्हणाल्या. "आणि प्रदोष."

"मावशी, फक्त संकष्टी होती."

"तुला बाळा, विसरायला होतं हल्ली."

प्रिती म्हणाली, "आकांक्षाच्या खोलीकडे आवाज बारीक, बाकीच्यांकडे मोठा, असं होतं."

"एकच स्पीकर आहे, प्रिती. असं कसं असेल?"

"ते तुम्ही बघा काका. आम्हाला आश्वासन होतं."

"पॅकेज म्हणजे टू बीएचके नव्हे!" मनमोहनराव जिन्यातून ओरडले. जिन्यातच आणखी दोघांनी विचारलं, की आम्हाला अजून काहीच मिळालं नाही, त्याचं काय.

गुरुवारी संकष्टी होती. सकाळीच जलदूताने नलूमावशींच्या फोनवर निरोप पाठवला: आजचा चंद्रोदय. वेळ, दुपारचे साडेतीन.

बेबीने हे ऐकलं तेव्हा चार वाजत आले होते. ती धावत खाली गेली. नलूमावशी मोदक संपवून हात धूत होत्या.

"मावशी, साडेतीनला? बाहेर ऊन बघा!"

"यंत्राने सांगितलं तर मी काय करू?" नलूमावशी शांतपणे म्हणाल्या. "चंद्र आलाय म्हणतंय. दिसेल सावकाश. मी त्याची वाट बघत बसले तर पित्त होतं."

यातून खरं तर मनमोहनरावांना कळायला हवं होतं. त्यांनी दोष चंद्राच्या पॅकेजवर ठेवला आणि हाताने चंद्र साडेपाच तास पुढे सरकवला. चंद्र सरकवू शकणाऱ्या माणसाला बाकीचं तपासावंसं वाटत नाही. गुरुवारपर्यंत 'किरकोळ देखभाल' म्हणून लोक स्वतःच नळावर नजर ठेवत होते. शुक्रवारी फलक उतरला, आणि संध्याकाळी पाणी आलं. जलदूत गप्प. पाणी वाहिलं, थबकलं, गेलं, जलदूत गप्पच. दिवेलागणीला लोक बादल्या घेऊन उतरले, तेव्हा नळातून फक्त उसासा आला.

मनमोहनरावांनी लॅपटॉप उघडला, शिंकले, आणि त्यांना सगळं उमगलं. नव्या घराचं घड्याळ विलायतेतल्या ग्रिनिच गावचं होतं. जुन्या घरात त्यांनी ते मुंबईवर आणून ठेवलं होतं. आता मुंबईत संध्याकाळ झाली की जलदूताकडे दुपारचं जेवण होऊन गेलेलं असायचं. आणि वाडीने एकमताने मागितलेलं पाचवं पॅकेज आपलं काम चोख करत होतं. ते वाडीला झोपू देत होतं.

घड्याळ फिरवायला पासवर्ड लागतो.

"शनिवारी संध्याकाळी लग्नघरी येणारच आहे, तेव्हा टाइप करतो," रघु फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. मुलीने त्यांना तिखटापाठोपाठ गरम मसाल्याच्या रांगेत उभं केलं होतं.

शनिवारी दुपारपासून मनमोहनरावांनी वाडीच्या तोंडाशी फेऱ्या घातल्या. रघु आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, टॅक्सी अडकलीय. डोरिसच्या घरात बायका लुगडी नेसून, अंबाड्यात सोन्याची फुलं खोवून, घागरी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पंखा एकच. बँडवाले कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पीत होते आणि त्यांच्यातला ट्रंपेटवाला नाहीसा होऊन पुन्हा सापडला होता. डोरिस गॅलरीत येऊन चौकाकडे बघायची, आत जायची, पुन्हा यायची. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मनमोहनरावांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग ते कमिटीच्या खोलीकडे गेले, दार लावून घेतलं आणि पासवर्डचे पहिले दोन्ही तुकडे अंदाजाने टाकून बघितले. कास्मीरचा 'ग्रामोफोन' असणार असं धरलं. रघुच्या मुलीचं नाव टाकलं. बायकोचं टाकलं. 'मिरची' टाकलं. यंत्राने नम्रपणे कळवलं, की आणखी एक चूक झाली तर मी संध्याकाळपुरता बंद राहीन.

दार उघडून कास्मीर आत आला. वधुपित्याचा कोट, कोटाला फूल, आणि चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच टवाळी नव्हती.

"मनमोहन," तो म्हणाला, "डोरिस कालपासून जेवली नाही. माझी आई जाऊन जमाना झाला, पण टँकर तिच्या डोक्यातून जात नाही. काहीतरी कर, बाबा. नळाशी माणूस बसवू या?"

"माणूस बसवायचा तर यंत्र कशाला?" हे वाक्य मनमोहनरावांच्या ओठांपर्यंत आलं. वाडीच्या सभेत त्यांनी ते कितीदा वापरलं होतं. या खेपेला त्यांनी ते गिळलं, आणि ते मिरचीसारखंच उतरलं.

"कोण बसेल?" त्यांनी विचारलं.

कास्मीरने बाहेरून केटररचं एक स्टूल आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

अशा रीतीने, मोरोबाच्या वाडीचे सचिव, जलदूताचे जनक, मनमोहन धैर्यवान, लग्नासाठी काढलेला रेशमी झब्बा घालून, केटररच्या स्टुलावर, चौकातल्या उघड्या नळासमोर, नळाच्या तोंडात उजव्या हाताचं बोट घालून बसले. बोट बेबीने सुचवलं होतं. "डोळे तुमचे अधू आहेत," ती म्हणाली, "बोटाला तरी कळेल."

वाडी गॅलऱ्यांतून बघत होती. प्रितीने विचारलं, "काका, ही कुठली आवृत्ती?" वरून कुणीतरी हसलं. मनमोहनरावांनी मान वर केली नाही. त्यांचं सगळं लक्ष बोटाच्या टोकाशी होतं. नळ कोरडा, तापलेला. माणसाचा अपमान एका जागी बसून किती वेळ होऊ शकतो, याला काही मर्यादा नसते, हे त्यांना त्या स्टुलावर कळलं. पण उठायचं म्हटलं की गॅलरीत डोरिस दिसायची.

ऊन उतरलं. सावली क्रुसापर्यंत सरकली. आणि पाइपात, खोल कुठेतरी, कुणीतरी घसा साफ केला. मग बोटाला गार वारा लागला. मग थेंब.

"पाणीऽऽऽ!" मनमोहनराव ओरडले. हा आवाज कुठल्याही पॅकेजमध्ये नव्हता. कावळे उडाले, कोपऱ्यावर ट्रंपेटवाल्याचा चहा सांडला, आणि बँड वाजू लागला. लाकडी जिन्यावरून लुगड्यांची रांग उतरली. पुढे डोरिस, डोक्यावर घागर, डोळ्यांतून पाणी नळाच्या आधीच सुरू झालेलं. बायका गात होत्या. नळ त्या दिवशी खरोखर मोठ्या मनाने वाहिला. घागरी भरल्या. वरच्या गॅलरीतून नेरिसा वाकून ओरडली, "थँक्यू, अंकल!" आणि मनमोहनरावांनी ओल्या झब्ब्याने तिला हात केला.

पाणी जाताच रघु तळपदे टॅक्सीतून उतरले, दोन्ही हातांत मसाल्याचे डबे. मनमोहनरावांनी त्यांना तसंच खोलीत ओढलं. तिघे आळीपाळीने भिंतीकडे वळले, आळीपाळीने शिंकले. घड्याळ मुंबईवर आलं. चंद्र जागेवर गेला. जलदूताने पडद्यावर लिहिलं, की सर्व काही सुरळीत.

मनमोहनरावांना राहवलं नाही. मांडवात जाऊन त्यांनी बँडवाल्याचा माइक घेतला.

"मित्रहो! मधल्या काळात काही अफवा पसरल्या. मला एवढंच सांगायचं आहे, की जलदूत आपल्या संपूर्ण बिऱ्हाडासह नव्या आवृत्तीत राहायला आला आहे. पाचही पॅकेजेस सुस्थितीत आहेत. यापुढे मोरोबाच्या वाडीत पाण्यासाठी माणसाला तिष्ठत बसावं लागणार नाही. ते युग संपलं!"

टाळ्या पडल्या. कास्मीरने तर शिट्टी मारली. मनमोहनराव माइक परत देऊन, मान जरा तिरकी ठेवून, खाली उतरले. डोरिस फुग्यांनी, म्हणजे त्यांच्यात लग्नाला तळतात त्या गोल पावांनी, भरलेली बशी घेऊन त्यांच्याकडे आली. फुगे अजून गरम होते. तिने बशी त्यांच्या हातात दिली, झब्ब्याची ओली बाही झटकली आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"भाऊ, उद्या सकाळी जेवणावळीला पानी लागनार. टँकरवाला बोलावलाय, पन त्याची वेळ काय खरी नाय. जरा गेटपाशी बसाल? आणि स्टूल तुमच्या घरचं आणा हां, हे केटररला आजच परत द्यायचंय."